पावती फाडून मिळतं काय? कामगारमंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

आमच्या खात्यात नवीन पोरगा लागला की आठवड्याभरात त्याचा एक प्रश्न ठरलेला असतो : "युनियनची पावती फाडून, म्हणजे चंदा भरून सभासद होऊन, मिळतं काय?" कारखान्यात माझी एकवीस वर्षं झाली, त्यातली सहा युनियनच्या कमिटीवर. उत्तर देताना मी पगारवाढीपासून सुरुवात करत नाही. करार तीन-चार वर्षांतून एकदा होतो. युनियनची खरी गरज लागते ती मधल्या दिवसांत.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओव्हरटाइमचे तास पगारपत्रकात 'इन्सेंटिव्ह' म्हणून दिसू लागले. नाव बदललं तेवढंच, असं आधी वाटलं. पण कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे आणि इन्सेंटिव्हला कसलाच नाही. एक जण विचारायला गेला, तर टाइम ऑफिसने त्याला एचआरकडे धाडलं आणि एचआरने परत टाइम ऑफिसकडे. मग कमिटीने चाळीस जणांच्या पगारपत्रकांच्या झेरॉक्स काढल्या, प्रत्येकीवर पंचिंगचे तास पेनाने लिहिले आणि गठ्ठा मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. पुढच्या पगारात फरक जमा झाला. त्यासाठी गेटवर एक घोषणाही द्यावी लागली नाही. चार्जशीट मिळालेल्या माणसाशेजारी चौकशीत कुणी जाणकार बसलेला असणं, हाही असाच फायदा. ज्याच्यावर वेळ आली त्यालाच तो कळतो.

युनियन म्हणजे सगळं सोनं, असा माझा दावा नाही. चंद्याचा हिशेब न देणारे पुढारी मी जवळून पाहिलेत. त्याहून वाईट म्हणजे कामगारांना नको असलेली युनियन कायद्याने त्यांच्या माथी मारली जाणं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप सगळ्यांना पगारासाठी म्हणून आठवतो. पण १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, हीही त्यातली एक मागणी होती. त्या कायद्याने गिरण्यांसाठी एकच प्रतिनिधी युनियन धरली होती, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार मात्र लाखांनी डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले. बोलणी ज्यांच्याशी करायची त्यांच्यामागे माणसं नव्हती, आणि माणसं ज्यांच्यामागे होती त्यांच्याशी बोलायला मालक बांधील नव्हते. संप फसण्याची कारणं पुष्कळ आहेत, पण हे त्यातलं मोठं, असं माझं मत.

आता औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. एकाहून जास्त युनियन असतील तर मस्टरवरच्या, म्हणजे कंपनीच्या हजेरीपटावरच्या, ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी बोलणी करेल; तेवढा कुणाकडेच नसेल तर निदान २० टक्के असलेल्यांची परिषद बसेल. आपल्याच राज्याच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेला ३० टक्के सभासद पुरत होते. टक्क्यांवर वाद घालता येईल. मला खुपतो तो 'मस्टर' हा शब्द.

माझ्या लाइनवर निम्म्याहून जास्त पोरं कंत्राटी आहेत. मशीन तेच, शिफ्ट तीच, पण नाव ठेकेदाराच्या मस्टरवर. ठेकेदार बदलला की हातात नवं ओळखपत्र आणि त्यावर नवी रुजू तारीख. एका पोराने अशी तीन ओळखपत्रं जपून ठेवली आहेत. त्यामुळे ग्रॅच्युइटीला लागणारी सलग पाच वर्षं त्याची काही भरत नाहीत. त्याने युनियन केली तरी बोलायचं कुणाशी? ठेकेदार म्हणतो, दर कंपनी ठरवते. कंपनी म्हणते, हा आमचा माणूस नाही. पावतीचा प्रश्न तो विचारतो तेव्हा मी गप्प बसतो.

यावर उपाय नाही असं कुणी म्हणू नये. माथाडींना कुठे एक मालक होता? आज या गाळ्यावर ओझं, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं, १९६९ चा माथाडी कायदा झाला, मंडळं आली, आणि मालक रोज बदलणाऱ्या हमालालाही भविष्य निर्वाह निधी मिळू लागला. त्या कायद्यातल्या पळवाटा आणि बोगस टोळ्या आपल्याला माझ्याहून जास्त माहीत असतील. तरीही रस्ता निघतो, हे याच राज्याने दाखवलंय.

म्हणून दोन मागण्या आहेत. कंत्राटी कामगारांची युनियन असेल तिथे बोलणीच्या टेबलावर ठेकेदारासोबत मूळ कंपनीलाही बसवा. आणि दोन युनियनमध्ये पाठिंबा मोजायचा झाला तर गुप्त मतदान घ्या, तेही कामगार आयुक्त कार्यालयाच्या माणसांकडून. व्यवस्थापनाच्या केबिनमध्ये बसून सभासदांच्या याद्या तपासणं म्हणजे मोजणी नव्हे.

उत्तर पाठवलंत तर जेवणाच्या सुट्टीत लाइनवर वाचून दाखवीन. तीन ओळखपत्रांवाला त्याच वेळी माझ्या शेजारी बसलेला असतो.

आपला,
एक कायम कामगार