सायकलला लेटेक्स ट्यूब बसवून देणाऱ्या मिस्त्रीकाकांना

काका, नमस्कार.

दुकानात तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं, तो पाना द्या इकडे" म्हणून विषय संपवता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

लेटेक्स ट्यूब मागायला आलो तेव्हा माझ्या डोक्यात फक्त वेग होता. ब्यूटाइल या कृत्रिम रबराच्या साध्या ट्यूबपेक्षा लेटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, ट्यूब लवचिक, टायर रस्त्यावर दबतो-सुटतो त्यात ताकद कमी वाया जाते, दोन्ही चाकं मिळून काही वॅट वाचतात, एवढं वाचून आलो होतो. तुम्ही ट्यूब बाहेर काढलीच नाहीत. आधी टायर उतरवून रिम टेपवरून, म्हणजे चाकाच्या कड्यातली तारांची भोकं झाकणाऱ्या पट्टीवरून, बोट फिरवलंत. तारेच्या एका भोकाशी टेप सरकली होती. "ब्यूटाइल हे खपवून घेईल. ही भोकात फुगेल आणि फुटेल." आधी टेप बदललीत, मगच ट्यूब दाखवलीत. गिऱ्हाइकाला इतका वेळ थांबवणारा दुकानदार विरळाच.

बसवतानाही प्रत्येक गोष्ट का करायची ते सांगत होतात. ट्यूबला टाल्कम पावडर, आकार येईल इतकीच हवा, टायरची कड शेवटपर्यंत हातानेच चढवायची, आणि पूर्ण हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी बघायचं की ट्यूब कुठे चिमटलेली नाही ना. व्हॉल्व्हचा कोअर, म्हणजे आतला छोटा भाग, निघणारा आहे याची खात्री करून तिथून वीसेक मिली सीलंट, म्हणजे बारीक भोक आतून बुजवणारं द्रव, घातलंत, तेही अमोनिया नसलेलं. "पुण्याच्या उन्हात काही महिन्यांत सुकेल, परत या," हेही तेव्हाच बजावलंत.

त्या सीलंटचे उपकार दिवे घाट उतरून हडपसरकडे येताना कळले. ट्रकच्या फाटक्या टायरांमधली बारीक तार त्या रस्त्यावर नेहमीचीच. तार उपटली, पांढरे थेंब उडाले, भोक खाली येईल असं चाक फिरवून धरलं, आणि फुसफुस थांबली. हवा थोडी उतरली होती, ती हातपंपाने भरली. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं तुम्ही मला घेऊ दिलं नव्हतं, कारण तो वायू लेटेक्समधून भराभर निसटतो. मोठा काप सीलंटने बुजत नाही, त्यासाठी जुन्या लेटेक्स ट्यूबचे तुकडे आणि सोल्युशन सोबत ठेवायला लावलंत. तयार चिकटपट्टीचे पॅच लेटेक्सवर नीट धरत नाहीत, हे बाकी कुणी सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी हवा भरावी लागते, हे खरं. रात्रभरात प्रेशर इतकं उतरतं की घरच्यांना वाटतं सायकल कायमचीच पंक्चर आहे. पण बोपदेव घाटाच्या खडबडीत पट्ट्यांवर हाताला जो मऊपणा जाणवतो, त्यासाठी तो पंप मारायला माझी ना नाही. वॅटचं मला आता फारसं काही वाटत नाही, खरं सांगायचं तर.

पावसाळा संपला की सीलंट बदलायला येतो. सोबत भाचा असेल. त्याची चाकं कार्बनची, ब्रेक रिमला लागणारे, आणि त्याला सिंहगडाच्या उतारावर लेटेक्स घालून जायचंय. कार्बनमधून ब्रेकची उष्णता लवकर निघत नाही, ट्यूब तापून फुटू शकते, हे मी सांगून थकलो. त्याला "नाही" तुम्हीच म्हणा. माझं तो ऐकत नाही.

तुमचा,
कोंढव्याकडचा निळ्या सायकलवाला