‘मूळ सेट’ म्हणून प्लायवुड दाखवलेत : कच्छच्या सिनेमा-सहलीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जानेवारीतील सहा दिवसांच्या कच्छ सिनेमा-सहलीत जाहीर केलेली ठिकाणे न दाखवल्याबद्दल, खोटी माहिती दिल्याबद्दल आणि अंशतः परतावा मिळण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी आणि माझ्या पाच मैत्रिणी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या कंपनीबरोबर कच्छला जाऊन आलो. माणशी ३८,५०० रुपये आम्ही ऑक्टोबरमध्येच भरले होते. परत आल्यावर मी आपल्या कार्यालयात तीनदा फोन केला. तिन्ही वेळा ‘वरिष्ठांच्या कानावर घालतो’ एवढेच उत्तर मिळाले, म्हणून आता लेखी कळवत आहे.

कच्छच्या साध्या सहली आपल्याकडेच आठ-दहा हजारांनी स्वस्त आहेत. आम्ही महाग सहल घेतली ती माहितीपत्रकातल्या एका ओळीसाठी : ‘लगान, मिर्च मसाला, हम दिल दे चुके सनम यांच्या मूळ चित्रीकरणस्थळी, जाणकार मार्गदर्शकासह.’ आम्ही सहाही जणी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. मी चित्रकला शिकवत असे. सिनेमात गोष्टीइतकेच माझे लक्ष भिंतीकडे, रंगाकडे, जमिनीच्या पोताकडे असते. त्यामुळे ‘मूळ’ हा शब्द मी अगदी शब्दशः घेतला होता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पांढऱ्या रणाच्या काठच्या धोरडो गावाजवळच्या आमच्या तंबू-निवासाच्या मागच्या अंगाला आम्हाला नेण्यात आले. तिथे तीन झोपड्या, तीन स्टंप, एक बॅट आणि वर ‘चंपानेर’ अशी पाटी. धोतर-फेट्याचे भाडे १५० रुपये, फोटोचे निराळे १००. मार्गदर्शक म्हणाला, हाच लगानचा मूळ सेट. मी जवळ जाऊन भिंतीला हात लावला. प्लायवुडवर डिस्टेंपरचा हात मारला होता, खिळ्यांची डोकी वर आली होती. ज्या मुलखात बायका चिखल कालवून, त्यात आरशाचे तुकडे बसवून भुंग्यांच्या, म्हणजे इथल्या गोल घरांच्या, भिंतींवर लिंपणकाम करतात, तिथे मातीच्या रंगाचे प्लायवुड ‘मूळ’ म्हणून दाखवले जावे, याचे मला फार वाईट वाटले. त्या संध्याकाळी आम्ही एकही फोटो काढला नाही. जे काढले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, पुरावा म्हणून. ते सोबत आहेत.

लगानचे चंपानेर गाव कला-दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी भुजजवळच्या कुनरिया गावाच्या शिवारात उभे केले होते. भुजहून धोरडो साधारण ऐंशी किलोमीटरवर आहे. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकरांनी २००० साली जानेवारी ते जून असे सलग चित्रीकरण केले ते कुनरियात. त्या कामासाठी देसाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते आता आपल्यात नाहीत. त्यांच्या कामाच्या नावावर कुणीतरी ठोकलेल्या फळ्या खपवल्या जातात, हे एक चित्रकला शिक्षिका म्हणून मला मुकाट्याने सोडून देता येत नाही.

मी हे सारे मार्गदर्शकाला सांगितले तेव्हा तो गडबडला आणि म्हणाला, ‘मग शूटिंग खऱ्या चंपानेरला झाले असेल, पावागढजवळ.’ ते चंपानेर पंचमहाल जिल्ह्यात आहे, गुजरातच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथले सुलतानी काळातले अवशेष २००४ साली जागतिक वारसा यादीत गेले. सिनेमातल्या गावाशी त्याचे फक्त नाव जुळते. मी त्या मुलाला दोष देत नाही. तो विशीतला, नम्र, आमच्या सामानाची आणि गुडघ्यांची काळजी घेणारा होता. त्याने मला त्याच्या फोनवर आपल्या कार्यालयाकडून आलेला मजकूर दाखवला. ‘मूळ सेट’ हे शब्द त्यात जसेच्या तसे होते. म्हणजे खोटे त्याचे नव्हते, आपले होते. ‘जाणकार मार्गदर्शक’ म्हणून आपण ज्याला पाठवलेत त्याच्या हाती आपण दहा ओळी दिल्यात, आणि त्याही चुकीच्या.

पाचव्या दिवशी आम्ही हट्टाने थोडी वाट वाकडी करून कुनरियाला गेलो. त्यासाठी चालकाने ‘मार्गबदल शुल्क’ म्हणून १,२०० रुपये घेतले. पावती सोबत आहे. आपल्या जाहिरातीत ज्या ठिकाणाचे नाव घेऊन पैसे घेतले होते, तिथे जायला आम्हाला वेगळे पैसे मोजावे लागले.

तिथे काय पाहायला मिळाले ते मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण आपल्या कार्यालयातले कुणी तिथे गेले असेल असे मला वाटत नाही. गाव, शेते, बाभळी आणि तपकिरी, भेगाळलेली जमीन. पाहण्यासारखे ‘ठिकाण’ काही नाही. पण एका ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या काकांशी आम्ही बोलायला लागलो. ते क्रिकेटच्या सामन्याच्या दृश्यात गर्दीत बसले होते. कच्छी-हिंदीत सांगत होते, ऊन कसे होते, कुठल्या बाजूला कोण बसायचे. आसपासच्या खेड्यांतून हजारोंनी माणसे आली होती. या सिनेमात संवाद स्टुडिओत जाऊन पुन्हा न म्हणता जागेवरच ध्वनिमुद्रित केले होते, हिंदीत तेव्हा असे क्वचितच कुणी करत असे. माझ्या मैत्रिणीने त्याबद्दल विचारले. काका हसले आणि तोंडावर बोट ठेवून दाखवले. एवढी गर्दी, आणि तिला गप्प बसायचे होते!

मग ते शेजारी बसणाऱ्यांची नावे सांगू लागले. चार-पाच नावे झाल्यावर आमच्या लक्षात आले की त्यातली काही माणसे आता नाहीत. चित्रीकरण संपले जून २००० मध्ये. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास भूकंप झाला. सिनेमा आला १५ जूनला, पाच महिनेही झाले नव्हते. भुज, अंजार, भचाऊ आणि शेकडो खेडी तोवर ढिगाऱ्यात गेली होती. लगान पाहताना आपण सामन्याच्या निकालाकडे डोळे लावून बसतो, पण मागे बसलेली ती माणसे भूकंपाच्या आधीच्या कच्छची आहेत. इतक्या कच्छी चेहऱ्यांचे असे, सहा महिन्यांच्या उन्हातले दुसरे चित्र कुठे असेल? मला आयुष्यभर या सिनेमातला रंग आवडत आला, आणि हे मात्र कधी सुचले नव्हते. ते मला त्या ओट्यावर कळले.

काका अजून बोलत होते आणि गाडीचा हॉर्न तिसऱ्यांदा वाजला. आपल्या नियमाप्रमाणे मार्गबदलासाठी वीस मिनिटेच होती. आम्ही त्यांना नमस्कार करून उठलो. गाडीत बसताच ध्वनिक्षेपकावर सिनेमाची गाणी मोठ्याने सुरू झाली. मी ती बंद करायला सांगितली.

ही वीस मिनिटे का, हा माझा प्रश्न आहे. कारण त्याच दिवशी सकाळी महामार्गावरच्या एका हस्तकला दुकानात आम्हाला एक तास पन्नास मिनिटे थांबवले होते. भुजोडीत विणकरांच्या घरी माग पाहायला नेणार असे माहितीपत्रकात होते, प्रत्यक्षात नेले ते या दुकानात. मांडवीच्या विजय विलास राजवाड्यातही वेळ असाच कमी पडला. ‘हम दिल दे चुके सनम’मधले नायिका नंदिनीचे घर म्हणून लोक तो ओळखतात, लगानचेही काही चित्रीकरण तिथे झाले आहे. तांबूस वालुकाश्माची ती वास्तू, तिच्या जाळ्या, छत्र्या आणि गच्चीवरून दिसणारा समुद्र पाहायला आम्हाला अर्धा तास मिळाला. गच्चीवर सहापैकी दोघीच पोहोचू शकल्या, बाकीच्या जिन्यातूनच परत फिरल्या.

आता माझी सर्वांत मोठी तक्रार.

माहितीपत्रकाप्रमाणे पहिल्या दिवशी अहमदाबादहून भुजकडे जाताना छोट्या रणाच्या काठी बजाणा इथे थांबायचे होते. केतन मेहतांच्या ‘मिर्च मसाला’चे चित्रीकरण तिथे झाले. आमच्यातल्या तिघी फक्त यासाठी आल्या होत्या. ‘जाताना उशीर होतोय, येताना थांबू’ असे सांगून गाडी पुढे काढली, आणि परतीचा प्रवास रात्रीचा ठेवला. अंधारात बजाणा कधी मागे गेले ते कळलेही नाही. मी त्याच रात्री आपल्या समन्वयकांना फोन केला. त्यांचे उत्तर मी शब्दशः देते : ‘मॅडम, त्या जुन्या सिनेमाला आता कोण विचारतं?’

आम्ही विचारतो. त्याची नायिका स्मिता पाटील १३ डिसेंबर १९८६ ला गेल्या, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी. ‘मिर्च मसाला’ त्यानंतर, १९८७ मध्ये प्रदर्शित झाला. आम्ही तेव्हा नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुली होतो. दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी ती, आमच्यासारखीच सावळी, आमच्याच भाषेत बोलणारी बाई, पडद्यावर सुभेदाराला न जुमानता मिरचीच्या कारखान्यात शिरते, आणि म्हातारा पहारेकरी दार बंद करून घेतो. शेवटी त्या बायका हातातल्या मिरचीच्या पुडीनेच लढतात. रंगाच्या दृष्टीने पाहिले तर तो सगळा सिनेमा मातकट जमिनीवर वाळत घातलेल्या लाल मिरच्यांचा आहे. वर्गात मुलांना ‘एकच रंग पुरतो’ हे समजावताना मी वर्षानुवर्षे त्याचे उदाहरण दिले. ती जमीन दिवसाच्या उजेडात पाहायची, एवढीच इच्छा होती. एका मैत्रिणीचे गुडघ्याचे ऑपरेशन मार्चमध्ये ठरले आहे. इतका लांबचा प्रवास ती पुन्हा करू शकेल का, सांगता येत नाही. तिला मी काय उत्तर देऊ?

छोटे रण आणि मोठे रण एकच, ‘एक पाहिले की दोन्ही पाहिल्यासारखे’, असेही आपल्या समन्वयकांनी सांगितले. धोरडोला आम्ही पांढरे रण पाहिले, आणि ते खरोखर सुंदर होते. पावसाळ्यात साचलेले खारे पाणी आटून मागे राहिलेला तो मिठाचा थर, संध्याकाळी आधी गुलाबी आणि मग निळसर. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण छोट्या रणात घुडखर, म्हणजे रानगाढवे, आहेत, मिठागरांवर राबणारे अगरिया आहेत, तिथला उजेड आणि माणसे निराळी आहेत. मिर्च मसाला पांढऱ्या रणात चित्रित झालेला नाही, तो तिथे दाखवता येणार नाही.

एक गोष्ट जाता जाता. माझ्या मैत्रिणीने मार्गदर्शकाला ‘हेल्लारो’बद्दल विचारले. २०१९ चा हा गुजराती सिनेमा कच्छच्या रणातच घडतो, १९७५ सालच्या एका खेड्यातल्या बायकांची गोष्ट आहे, तिच्यामागे कच्छमधल्या व्रजवाणी गावची लोककथा आहे, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आहे. मार्गदर्शकाने तो पाहिला होता! त्याच्या आईचा तो फार आवडता सिनेमा. पण ‘कंपनीच्या यादीत नाही’ म्हणून तो त्याबद्दल बोलत नव्हता. मी त्याला बोलायला लावले. पुढचा तासभर त्या मुलाने जे सांगितले ते आपण दिलेल्या दहा ओळींपेक्षा कितीतरी चांगले होते. आपल्याकडे माणूस होता, आपण त्याला विचारले नाहीत.

आता मागणी. छोट्या रणाची एक दिवसाची सहल आपल्याच दरपत्रकात माणशी ४,८०० रुपयांना स्वतंत्रपणे विकली जाते. ती आम्हाला मिळाली नाही, त्यामुळे सहा जणींचे २८,८०० आणि मार्गबदलाचे १,२०० असे एकूण ३०,००० रुपये ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत जमा करावेत. प्लायवुडच्या त्या झोपड्या मुलांना खेळायला असू देत, पण ‘मूळ सेट’ हे शब्द माहितीपत्रकातून आणि मार्गदर्शकांना पाठवलेल्या मजकुरातून लगेच काढावेत. आणि कुनरिया सहलीच्या नेहमीच्या मार्गात घ्यावे, शुल्काशिवाय आणि हॉर्नशिवाय. पुढच्या सहलीसाठी सवलतीचे कूपन देऊ केल्याचा निरोप परवा फोनवर मिळाला. तो आम्हाला मान्य नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कबूल केलेली सेवा न देणे ही सेवेतील त्रुटी ठरते, आणि जे नाही ते आहे म्हणून सांगणे ही दिशाभूल करणारी जाहिरात. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही आमच्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. या कायद्याने ती मुभा आम्हाला आहे, आणि कागदपत्रे तयार आहेत.

माहितीपत्रक नव्याने लिहिणार असाल तर मी ते विनामोबदला तपासून देईन. कुठला सिनेमा कुठे चित्रित झाला याचा हाताने काढलेला एक नकाशा आम्ही सहलीआधी मिळून तयार केला होता. त्याची प्रतही जोडत आहे. आमच्या त्या तरुण मार्गदर्शकाला या तक्रारीचा त्रास होऊ नये, ही वेगळी विनंती.

कळावे,

आपली,
सहा जणींच्या वतीने
(सही)

सोबत : बुकिंगची पावती, माहितीपत्रकाची प्रत, मार्गबदल शुल्काची पावती, ‘चंपानेर’ पाटीचे आणि भिंतीचे चार फोटो, नकाशा