धाक टाइलएवढाच

संपादक महोदय,

पोरं हल्ली देव मानत नाहीत म्हणून नीतिमत्ता रसातळाला चाललीये, असं कट्ट्यावर रोज ऐकू येतं. मला काही हे पटत नाही. आमच्या इथल्या एका बिल्डिंगच्या जिन्यात कोपऱ्याकोपऱ्यात गणपती, साईबाबांच्या टाइल्स लावल्यात, कुणी थुंकू नये म्हणून, आणि लोक थुंकतातच, फक्त टाइलच्या वीतभर बाजूला, म्हणजे धाक आहे पण टाइलच्या साइजएवढाच! उलट याच पुण्यात आगरकर होऊन गेले, देव न मानणारे, 1888 साली ‘सुधारक’ हा पेपर काढला, विरोधकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली तरी माणूस हटला नाही. धर्माने काहीच दिलं नाही असं नाही म्हणत मी, वारीत अनोळखी माणसाचे पाय चेपून देणारे पाहिलेत (आणि सिग्नल तोडणारे नास्तिकही). पण नुसतं ‘पाप लागेल’ सांगून वाढवलेल्या पोराचा विश्वास उडाला की त्याच्याकडे उरतं काय? शाळेत मूल्यशिक्षणाचा तास असतो, तो बऱ्याचदा गणिताचा पोर्शन संपवण्यात जातो. तो तरी पोरांना परत द्या, आणि सुविचार पाठ करून घेण्यापेक्षा त्यांना ‘का?’ विचारू द्या.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे