उजनीच्या काठी कोणत्या गोगलगायी उरल्या?

मा. संपादक,
स. न.

‘पाण्यात गोगलगायी आहेत, म्हणजे पाणी चांगले’ हा समज उजनीसारख्या जलाशयात फसवा ठरतो. त्या कोणत्या, हे पाहायला हवे.

गोलसर, तोंडावर झाकण असलेला बेलामिया कल्ल्यांनी श्वास घेतो. त्याला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. लिम्निया, फायसा आणि चपटा इंडोप्लॅनॉर्बिस मात्र वर येऊन हवा घेतात. पुणे-पिंपरी चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत उतरते. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शैवाल आणि जलपर्णी माजतात. शैवाल दिवसा ऑक्सिजन सोडते, रात्री स्वतःच वापरते. तळाचा कुजका पाला उरलेला संपवतो. पहाटे बेलामिया गुदमरतो आणि हवा घेणारे जलपर्णीच्या मुळांवर मजेत वाढतात. दुपारच्या नमुन्यात हे दिसतच नाही. ऑक्सिजन सूर्योदयापूर्वी, तळालगत मोजावा.

मोजणी अवघड नाही. गुडघाभर पाण्यात ३० सेंमी चौरसाची चौकट दहा ठिकाणी ठेवा, आतला गाळ १ मिमीच्या चाळणीत धुवा, जलपर्णीची मुळे बादलीत झटका. फक्त जिवंत शंख मोजा. रिकामे कवच वर्षानुवर्षे टिकते, त्यावरून आजच्या पाण्याचा अंदाज चुकतो. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले असता तोंड डावीकडे आले तर फायसा, उजवीकडे आले आणि कवच पातळ, झाकण नसलेले असेल तर लिम्निया. लांबट मेलानॉइड्सला कल्ले असूनही तो मळक्या पाण्यात तगतो. त्याला स्वच्छतेची खूण मानू नये.

प्रश्न जनावरांचाही आहे. यकृतातल्या चपट्या कृमींची पिल्ले लिम्नियात वाढतात, बाहेर पडून काठच्या गवतावर चिकटतात. इंडोप्लॅनॉर्बिसमधून येणाऱ्या कृमीमुळे गुरांच्या नाकात गाठी होऊन ती घोरतात. पाणी ओसरल्यावर गाळपेर जमिनीतले ओले गवत गुरांना थेट चारणे म्हणूनच धोक्याचे. ते पाण्याच्या रेषेपासून वर कापावे, उन्हात चांगले वाळवावे. गुरांना पाणी टाकीतून पाजावे.

मोरचूद टाकून गोगलगायी मारण्याचा उपाय जलाशयात करू नये. तांब्याने मासे आणि उरलेला बेलामियाही मरतो, आणि सांडपाणी येत राहिले तर लिम्निया काही महिन्यांत परत भरतो.

एक वाचक, इंदापूर