स्टेजवर ग्रॅनाइट नको, फळ्या टाका

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरला आमच्याकडच्या एका सभागृहाच्या नूतनीकरणाची बातमी होती, फोटोसकट. खुर्च्या नव्या, एसी नवा आणि स्टेजवर चकचकीत ग्रॅनाइट. बाकी सगळ्यांना बरं वाटलं असेल, माझ्या मात्र फोटो बघूनच नडग्या ठणकायला लागल्या.

मी चाळीसगावचा. टॅप डान्स करतो आणि त्याचे शो बसवतो, पोट त्याच्यावरच आहे. बुटाच्या चवड्याला आणि टाचेला धातूच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात आणि पायांनी ठेका वाजवायचा, असा हा प्रकार. नाव सांगितलं की लोक विचारतात टॅप म्हणजे नळ का, आमचे एक शेजारी तर म्हणाले, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि हा नळाचा डान्स करतो! पहिले बूट मी आमच्या मोच्याकडून करून घेतले होते, बैलाच्या खुरांना मारतात तशी साधी लोखंडी पत्री ठोकून, आणि ओट्यावर प्रॅक्टिस करायचो तर आजी म्हणायची, काय टकटक करी ऱ्हायना रे भाऊ.

डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग, मग लग्नसराईत संगीत, मे महिन्यात पोरांची शिबिरं, यावर वर्ष निघतं आणि जे काय उरतं ते शोमध्ये जातं. आम्ही चार नाचणारे, एक ढोलकीवाला, एक संबळवाले काका, पाऊण तासाचा शो. आधी आम्ही फुल आवाजात सिनेमाची गाणी लावायचो, मग पाय वाजतायत का नाही ते कोणालाच कळायचं नाही. शेवटी गाणी काढून टाकली आणि काकांना म्हटलं तुम्ही टिपरूने, म्हणजे संबळाच्या काठीने, एक तुकडा वाजवा, आम्ही तो पायांनी परत देतो. काका पण असे बेरकी की मधेच लय फिरवतात, आम्ही चुकतो, आणि पब्लिकला तेच सगळ्यात जास्त आवडतं. (तुमच्या बातमीत मात्र दरवेळी 'तरुणाई थिरकली' एवढंच येतं, ते काका साठीच्या पुढचे आहेत हो.)

डीन पेरी नावाचा माणूस आहे, ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलचा, ते तेव्हा पोलाद कारखान्याचं गाव होतं, आणि हा तिथं फिटरचं काम केलेला. त्याने १९९५ ला सिडनीत 'टॅप डॉग्ज' शो आणला, त्यात झगमग काहीच नाही, जीन्स, कामगारांचे जाडे बूट आणि स्टेजवर लोखंडी सांगाडे. जे डोळ्यासमोर होतं तेच त्याने स्टेजवर ठेवलं आणि तो शो जगभर फिरला. मला त्यातून हिंमत आली, म्हणून तर संबळ घेतलं.

पण यात फ्लोअर म्हणजेच वाद्य असतं. अमेरिकेत १७३९ ला साउथ कॅरोलिनात गुलामांनी उठाव केला, पुढच्याच वर्षी कायदा करून त्यांचे ढोल बंद केले, आणि हातातला ठेका पायात उतरला, टॅप त्यातूनच आला असं सांगतात. म्हणजे बूट हे टिपरू आणि खालची फळी हा संबळ. आता संबळावर कातड्याऐवजी ग्रॅनाइट लावा आणि वाजवून बघा.

दोन वर्षांपूर्वी एका सभागृहात (नाव कशाला लिहू) भाडं भरून आम्ही गेलो तर मॅनेजरने बूट उलटे करून बघितले आणि म्हणे टाइल्स फुटतील, जास्तीचं डिपॉझिट टाका. टाकलं. टाइल्स काही फुटल्या नाहीत, आमचा एक पोरगा घसरून पडला आणि मला पुढचे तीन आठवडे जिना चढता येईना. लाकूड थोडं लवचिक असतं, दणका खाऊन घेतं, दगडावर तो सगळा गुडघ्यात आणि नडगीत येतो. हे फक्त आमचं नाही, लावणीवाल्या, कथकवाल्या पोरींना विचारा.

गंमत म्हणजे आमचा सगळ्यात भारी आवाज लग्नात येतो. मंडपवाल्याचं स्टेज म्हणजे लोखंडी फ्रेमवर प्लायवूड, खाली पोकळ, कार्पेट तेवढं गुंडाळायला लावायचं की काम झालं. जे मंडपवाल्याला जमतं ते लाखो रुपये लावून बांधलेल्या सभागृहाला का जमू नये? वीस बाय सोळाचा फ्लोअर करायला आठ बाय चारच्या दहा शीट लागतात, अठरा एमएमच्या, आणि खाली लाकडी पट्ट्या. सध्या आम्ही कापलेल्या शीट छोटा हत्तीमध्ये टाकून गावोगाव फिरवतो, त्याचं भाडं कधी कधी मानधनाएवढं होतं.

त्या सभागृहाचं काम अजून पूर्ण झालेलं नाही असं बातमीतच आहे. ठेकेदाराला आणि साहेबांना एकदा आमच्याकडे पाठवा, मी दोन मिनिटं ग्रॅनाइटवर आणि दोन मिनिटं फळीवर नाचून दाखवतो, पैसे नको. फक्त सकाळी लवकर या म्हणा, दहानंतर आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नाही.

आपला,
एक टॅपवाला, चाळीसगाव