दिन्या, फॉर्म भरायच्या आधी वाच

दिन्या,

काल रात्री साडेअकराला तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, झेडपीला उभा राहतोयस म्हणे, शाळेचा राजीनामा लिहून तयार आहे म्हणे, आणि हे सगळं हसत हसत सांगतोस, झोप उडवलीस लेका.

वहिनीला विचारलंस? नसणारच.

इथे नेरूळला आमच्या शेजारी मल्याळी काकू आहेत, कन्नूरकडच्या. सकाळी त्यांच्याकडे तुझा विषय निघाला तर म्हणाल्या, आमच्याकडे शैलजा टीचर आहेत ना! के. के. शैलजा रे, 2018 ला केरळात निपा विषाणूची साथ आली तेव्हाच्या आरोग्यमंत्री. ह्या बाई शिवपुरमच्या हायस्कुलात फिजिक्स शिकवायच्या, 1996 ला कुथुपरंबातून आमदार झाल्या आणि शाळेची नोकरी सोडली ती थेट 2004 ला (तुला ही सोय नाही बाबा, तू झेडपीचा नोकर, आधी राजीनामा मग फॉर्म). 2011 ला पडल्या. 2021 ला मट्टन्नूरमधून 60,963 च्या लीडने आल्या, तरी पुढच्या मंत्रिमंडळात नाव नाही, आणि 2024 ला लोकसभेला वडकरातून परत पडल्या. म्हणजे बघ, एवढं काम करून ही गत.

पण माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. मंत्री असताना काय नि पडल्यावर काय, काकूंच्या तोंडी आपलं 'टीचर'च.

आता आपले गुरुजी आठव. खडू नखाएवढा होईस्तोवर लिहायचे आणि उरलेला तुकडा शर्टाच्या खिशात, खिसा कायम पांढराफटक. सभापती झाले नि वर्षभरात त्यांचे 'साहेब' झाले. बाबांच्या विहिरीच्या फाईलसाठी मी गेलेलो, दोन तास बाहेर बाकड्यावर, आणि आत गेल्यावर काय विचारलं तर, कुठलं गाव तुझं? पाचवी ते सातवी मला शिकवलेला माणूस रे! मी नुसता त्यांच्या खिशाकडे बघत राहिलो, कडक इस्त्री, डाग नाही एक.

उभा राहू नको असं नाही म्हणत मी, तू बोलतोस चांगलं, माणसंही जोडलीस, पण दोन शिक्षकी शाळा तुझी, तू गेल्यावर चारही वर्ग एकट्या बाईंच्या गळ्यात पडणार, बदली माणूस कधी देणार ते तुझ्या वरच्या साहेबांकडून आधी काढून घे.

शनिवारीच ये, रविवारी हार्बरला मेगाब्लॉक असतो. कल्याणला उतरलास की फोन कर. आणि तो राजीनामा घेऊन ये, वाचू दे मला.

तुझा,
बाळ्या