येनसूजी मिळते, पण डब्यात

प्रिय नंद्या,

बऱ्याच दिवसांत पत्र नाही, शिव्या भेटल्यावर घाल. तब्येत बरी. शुगर डॉक्टरांच्या मनासारखी नाही, माझ्या मनासारखी आहे.

ऑगस्टमध्ये तुम्ही दोघं येताय आणि लॉस एंजेलिसला दोनच संध्याकाळी हाताशी आहेत, हे कळल्यापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय: तुला येनसूजी, ते तैवानी तळलेलं चिकन, खायला न्यायचं कुठे? प्रदीपला विचारण्यात अर्थ नाही. त्याच्या लेखी ते पॉपकॉर्न चिकन.

मिळत नाही असं नाही. लॉस एंजेलिसजवळच्या सॅन गॅब्रिएल व्हॅलीत तैवानी माणसं सत्तर-ऐंशीच्या दशकांपासून येऊन राहिली आहेत. आधी मॉन्टेरी पार्क, मग पूर्वेला सरकत सॅन गॅब्रिएल, टेंपल सिटी, आर्केडिया, पार रोलंड हाइट्सपर्यंत. लास ट्युनास ड्राइव्हवर किंवा कोलिमा रोडवर गाडी घातलीस की पार्किंगभोवतीच्या दुकानांवर पाट्याच पाट्या. अडचण आहे ती धंद्याच्या गणिताची.

तैवानमध्ये आपण खायचो त्या शिंचूच्या गल्लीत एक कढई, एक पदार्थ. रांग हटायची नाही, त्यामुळे तेल कायम तापलेलं आणि माल कायम ताजा. इथे एका पदार्थावर जागेचं भाडं निघत नाही. म्हणून मेन्यूकार्डावर बीफ नूडल, लू रो फान (वर डुकराचं शिजवलेलं मांस घातलेला भात), कालवांचं आम्लेट, बबल टी, सगळंच. येनसूजी मागणारं टेबल अर्ध्या तासात एखादं. पहिलं तळण आधी काढून ठेवतात आणि ऑर्डर आली की दुसरं, इथवर ठीक, तिथेही तेच करतात. पण तेल नीट तापायच्या आत तुकडे सोडले की कवच तेल पितं. आणि पार्सल मागितलंस तर सगळं झाकणाच्या डब्यात. वाफेला वाट नाही, पाच मिनिटांत कवच ओलं, दहा मिनिटांत सालीसारखं सुटून येतं. आपल्याला कागदी पिशवीत मिळायचं, तोंड उघडं, वर बांबूची काडी. ती पिशवी काही गरिबी म्हणून नव्हती रे, पदार्थाचा भाग होती.

म्हणून दुकानात शिरल्यावर काय बघायचं ते लिहून ठेव. मेन्यू जितका आखूड तितकं बरं. मागितल्यावर एका मिनिटात बशी समोर आली तर ती गरम दिव्याखालची. पाच-सात मिनिटं बसवून ठेवलं तर आशा आहे. मग कवच बघ. जाड दाण्याच्या रताळ्याच्या स्टार्चचं असेल तर खडबडीत दिसतं, पांढरट दाणे वर उठलेले असतात आणि चावल्यावर कडक्कन मोडतं. मैद्याचं असेल तर गुळगुळीत, एकसारखं तपकिरी. तिथूनच उठायचं. शेवटी चिकनसोबत तळलेली पानं बघ. सब्जा ज्या झाडाचं बी, त्याच जातीचं ते पान. अख्खं, गर्द, काचेसारखं तळलेलं हवं. वाळकी पूड भुरभुरलेली असेल तर पैसे पाण्यात.

आणि सगळंच फसलं तर घरी करू. स्टार्च ९९ रांच मार्केटमध्ये मिळतो (१९८४ साली एका तैवानी माणसानेच काढलेली साखळी). जाड दाण्याचाच घ्यायचा, बारीक घेतलास तर पापुद्रा होतो. कोंबडी मांडीची, बिनहाडाची, अर्धा किलो, इंचभराचे तुकडे. छातीचं मांस नको, दुसऱ्या तळणात सुकतं. दोन चमचे सोया सॉस, एक चमचा राइस वाइन, चमचाभर साखर, चार पाकळ्या लसूण किसून, पाव चमचा फाइव्ह स्पाइस, पांढरी मिरी. तासभर मुरू दे. मग स्टार्चमध्ये घोळवून दहा मिनिटं तसंच ठेवायचं. कोरडा पांढरा रंग जाऊन कवच ओलसर दिसायला लागलं की तेलात सोडायचं. ही दहा मिनिटं गाळलीस तर अर्धा स्टार्च कढईच्या तळाशी जाऊन जळतो. पहिलं तळण १६० अंश सेल्सिअसवर तीन मिनिटं, बाहेर काढून तेल १९० पर्यंत नेऊन पुन्हा एक मिनिट. पानं शेवटी, काही सेकंदच, आणि अगदी कोरडी. पाण्याचा थेंब राहिला तर तेल अंगावर येतं. तेव्हा कढईपाशी तू उभा राहा.

कालवांच्या आम्लेटचं मात्र वचन देत नाही. तिथली कालवं नखाएवढी, इथली तळहाताला टेकणारी. शहाणी दुकानं बरणीतली "एक्स्ट्रा स्मॉल" आणतात, तीही मोठीच पडतात. बाकीचं जमतं: एक वाटी रताळ्याचा स्टार्च, अडीच वाट्या पाणी, प्रत्येक पळीआधी ढवळायचं, कारण तो खाली बसतो. कडा पारदर्शक झाल्या की अंडं, पालेभाजी, मग उलथायचं. कॉर्नफ्लोअर वापरलं तर खळ होते. आणि वरचा तो गोड लाल सॉस, जो तू पुसून खायचास आणि वर मला "तुला चव कळत नाही" म्हणायचास. अजून सांगतो, सॉसाशिवाय ते आम्लेट अळणी आहे. वकील आण.

६२६ नाइट मार्केटला जाऊ या असं तू म्हणशीलच. ६२६ हा इथल्या फोनचा एरिया कोड. २०१२ साली पॅसाडेनात सुरू झालं, पहिल्याच रात्री रस्ते तुंबले, आता आर्केडियाच्या सँटा अनिता रेसकोर्सवर उन्हाळ्यात काही शनिवार-रविवारी भरतं. आत जायलाच तिकीट. गर्दी, धूर, दिवे झकास आहेत, पण निम्म्या ठेल्यांवर फोटोसाठी केलेलं खाणं. गेलोच तर उघडताक्षणी जायचं, आणि जिथे एकच पदार्थ आहे तिथेच उभं राहायचं.

वहिनींचं काय, हा प्रश्न उरतोच. वासाचा टोफू शाकाहारी समजून मागवू नका. ज्या पाण्यात तो मुरवतात त्यात सुकी कोळंबी असू शकते, आणि तेल बहुधा कोंबडी तळलेलंच. पाटीवर 素 (म्हणजे शाकाहारी) हे अक्षर शोधायचं. तिथे बहुधा कांदा-लसूणही नसतो, तेव्हा तुमच्या आईही जेवल्या असत्या. आणि शेंगदाण्याचं आइस्क्रीम कुठे दिसलं तर सोडू नका: चिक्कीची भली मोठी वडी सुताराच्या रंध्याने तासतात, तो कीस पातळ पोळीवर, त्यावर अळकुडीच्या आइस्क्रीमचे गोळे, वर कोथिंबीर, आणि गुंडाळी. कोथिंबीर नको म्हणू नका.

चिरंजीवांचं बारावीचं छान झालं, ऐकून बरं वाटलं. पुण्याच्या फ्लॅटचं पुढे काय ठरलं? बिल्डरला आणखी पैसे देऊ नकोस.

तिकिटं काढलीस की तारखा कळव. शुक्रवार-शनिवारची रात्र टाळता आली तर बघ, कारण त्या दिवशी स्वयंपाकघर पार्सलच्या ऑर्डरींत बुडालेलं असतं. मंगळवार उत्तम, फक्त दुकान त्या दिवशी बंद नसल्याची मी आधी फोनवर खात्री करून घेईन. कोलिमा रोडला जायला ६० नंबरचा फ्रीवे धरायचा, संध्याकाळी चार ते सात सोडून.

तुझा,
पक्या